जुना प्रोग्रॅम, नवा संगणक आणि आपल्या ठेवीची ओळ



गेल्या वार्षिक सभेनंतर चहाच्या वेळी एका जुन्या सभासदांनी आम्हांला गाठले आणि विचारले, "काय हो, ऑफिसात सगळीकडे नवे चपटे संगणक आले. मग शेअर्स खात्याच्या कोपऱ्यात ते काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, ते काय चालतंय अजून? मध्येच पैसे संपले काय?" प्रश्न चेष्टेचा होता, पण उत्तर चेष्टेवारी नेण्यासारखे नाही. त्या काळ्या पडद्यामागे तुमच्याआमच्या ठेवी, भाग आणि जुन्या हंगामांची ऊस बिले आहेत. म्हणून या अंकात तो विषय जरा सविस्तर घेतला आहे. यंत्राची माहिती नसणाऱ्यालाही कळावा असा प्रयत्न केला आहे. कुठे अडलेच तर पुढे वाचत जावे, खालच्या उदाहरणात उलगडा होईल.

आधी चार गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत, कारण बोलताना आपण सगळ्यालाच 'कॉम्प्युटर' म्हणून मोकळे होतो. एक, लोखंड-प्लॅस्टिकचे मशीन. दुसरा त्या मशीनचा कारभारी, म्हणजे डॉस किंवा विंडोज. कळफळा, पडदा, छपाईयंत्र कोणाला केव्हा द्यायचे हे तो ठरवतो. तिसरा प्रोग्रॅम, म्हणजे बिल कसे काढायचे याची लिहून ठेवलेली रीत. आणि चौथी नोंद: अमुक सभासद क्रमांक, अमुक टन, अमुक रुपये. यांतले मशीन पाचदहा वर्षांत मोडीत जाते. कारभारी बदलत राहतो. प्रोग्रॅम वीसपंचवीस वर्षेही चालतो. नोंद मात्र बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जाते. चौघांचे आयुष्य सारखे नाही, सारा घोटाळा तिथून सुरू होतो.

१९९०च्या दशकात आपल्याकडे पतसंस्था, दूध संघ, कारखाने अशा बऱ्याच ठिकाणी हिशेबाचे प्रोग्रॅम फॉक्सप्रोमध्ये लिहिले गेले. फॉक्सप्रो स्वस्त मशीनवर चालायचे, वेगाने चालायचे, आणि गावातला हुशार पोरगाही सहा महिन्यांत शिकायचा. ते काढणारी फॉक्स सॉफ्टवेअर ही अमेरिकन कंपनी १९९२ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. त्याच घराण्यातली शेवटची आवृत्ती, व्हिज्युअल फॉक्सप्रो ९, २००४ साली निघाली. पुढे काही काढणार नाही असे २००७ मध्ये जाहीर झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये तिचा उरलासुरला पाठिंबाही संपला. म्हणजे वाण बंद झाले, पण आपल्या रानात पीक उभेच आहे, अशी गत.

हे संकट नवे आहे असे मात्र समजू नये. आयबीएम कंपनीने एप्रिल १९६४ मध्ये सिस्टिम ३६० ही नवी संगणकमाला जाहीर केली, तेव्हा गिऱ्हाइकांकडे त्याच कंपनीची १४०१ ही जुनी मशीने होती आणि त्यांवर पगाराचे, मालाचे प्रोग्रॅम बसलेले होते. नवे मशीन कितीही चांगले असो, सगळे हिशेब पुन्हा लिहून काढा म्हटल्यावर कोण घेणार? म्हणून त्या मालेतल्या काही मशीनच्या आतच १४०१ चे सोंग घेण्याची सोय करून दिली. साठ वर्षांपूर्वीही रडगाणे हेच होते.

दार कसे बंद झाले

आता बघा, आपल्या गव्हाणीकडे पूर्वी बैलगाड्या यायच्या. मग ट्रक आले, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या. कारखान्याने एका दिवसात बैलगाडी बंद केली नाही. वजनकाट्यावर तिलाही जागा ठेवली. संगणकाच्या धंद्यातही बरीच वर्षे असेच चालले. इंटेल कंपनीचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ चा. १९८१ च्या आयबीएम पीसीत त्याचाच भाऊ ८०८८ होता. डॉस हा कारभारी त्यांच्या बेताचा: एका वेळी एकच काम, आणि प्रोग्रॅमला मोकळी जागा ६४० किलोबाइटच्या आत. १९८५ च्या ८०३८६ मध्ये कंपनीने खास सोय ठेवली. एकाच मशीनच्या पोटात अनेक जुनी ८०८६ मशीने आहेत असे भासवता येत असे. त्यामुळे विंडोज आल्यावरही तिच्या एका खिडकीत डॉसचे प्रोग्रॅम निवांत चालत राहिले आणि आपणही निवांत राहिलो.

मग ६४ बिटांची मशीने आली. एएमडी कंपनीने २००३ मध्ये त्या घराण्याचे पहिले प्रोसेसर बाजारात आणले. त्या नव्या पद्धतीत मशीन चालत असताना वर सांगितलेली जुनी सोय वापरता येत नाही, आणि ६४ बिटी विंडोजने डॉसच्या प्रोग्रॅमांना दार लावून घेतले. ३२ बिटी विंडोज घेऊन दिवस ढकलता येत होते, ते विंडोज १० पर्यंतच. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ फक्त ६४ बिटी आहे, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बैलगाडीचे फाटक बंद झाले ते असे.

जुने प्रोग्रॅम नुसत्या फाटकामुळेच अडतात असे नाही. कधी नव्या मशीनच्या वेगानेच त्यांची धांदल उडते. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमांचे उदाहरण शिकण्यासारखे आहे. तसा एक प्रोग्रॅम आमच्याकडेही होता. १९९०च्या दशकाच्या शेवटी मशीनचा वेग दोनशे मेगाहर्ट्झच्या आसपास गेला आणि हे प्रोग्रॅम सुरू होता होताच 'रनटाइम एरर २००' म्हणून बंद पडू लागले. या आकड्याचा अर्थ, शून्याने भागले. पण शून्याने कोणीच भागलेले नव्हते! व्हायचे असे. सुरुवातीला प्रोग्रॅम मशीनचा वेग मोजायचा. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजायचे आणि त्याला ५५ ने भागायचे, की एका मिलिसेकंदाचा हिशेब निघाला. हे उत्तर ठेवायला जागा १६ बिटांची, म्हणजे ६५,५३५ पर्यंतच्या आकड्याची. एका ठोक्यात सुमारे ३६ लाखांहून जास्त फेऱ्या झाल्या की उत्तर त्या जागेत मावेना. प्रोसेसर 'भागाकार चुकला' एवढेच ओरडायचा आणि प्रोग्रॅम त्याचा अर्थ शून्य असा लावायचा. बैलगाडीच्या काट्यावर भरलेला ट्रक चढवल्यावर काटा मोडेल, तसलाच प्रकार. लिहिणाऱ्याची चूक म्हणावी तर त्याने ट्रक पाहिलेलाच नव्हता. तसेच मोठ्या डिस्कचे. दोन गिगाबाइटच्या पुढची मोकळी जागा काही जुन्या प्रोग्रॅमांना उणे आकड्यात दिसते, आणि डिस्क रिकामी पडलेली असताना ते 'जागा अपुरी' म्हणून हटून बसतात.

याउलट, नव्या कारभाऱ्याने जुन्याच्या खोडी सांभाळून घेतल्याचेही दाखले आहेत. सिमसिटी नावाचा शहर वसवण्याचा एक खेळ होता. तो परत करून टाकलेली मेमरी पुन्हा वापरायचा. ही सरळसरळ चूक, पण जुन्या विंडोजमध्ये खपून जायची. विंडोज ९५ तयार करताना हे ध्यानात आले, तेव्हा तो खेळ चालू आहे का हे ओळखून त्याच्यापुरती वागणूक बदलण्याची सोय करण्यात आली. कारण खेळ बंद पडला असता तर लोकांनी शिव्या खेळाला दिल्या नसत्या, नव्या विंडोजला दिल्या असत्या. धंद्याचे शहाणपण म्हणतात ते हेच.

बहुरूप्याची युक्ती

मग आपल्या कोपऱ्यात काय चालते? तेथे मशीन नवेच आहे. त्यावर डॉसबॉक्स नावाचा एक प्रोग्रॅम आहे. गावात बहुरूपी पोलिसाचे सोंग घेऊन येतो, तसा हा जुन्या मशीनचे सोंग घेतो. जुना प्रोसेसर, जुना पडदा, जुने घड्याळ, डॉस, सगळे भासवतो. आतल्या फॉक्सप्रोच्या प्रोग्रॅमला आपण तीस वर्षे पुढे आलो आहोत याचा पत्ताही लागत नाही. वेगही मुद्दाम कमी ठेवता येतो, म्हणजे वर सांगितलेला भागाकाराचा घोळ होत नाही. डॉसबॉक्स पहिल्यांदा २००२ साली निघाला, तो फुकट मिळतो, आणि तो मुळात केला गेला जुने खेळ खेळण्यासाठी. खेळणाऱ्या पोरांच्या हौसेतून शेतकऱ्यांच्या ठेवींचा हिशेब वाचावा, हे आम्हांला तरी मोठे गमतीचे वाटते.

पण सोंग ते सोंगच. मूळ डॉसबॉक्समध्ये छपाईची सोय नाही. त्यावरून निघालेल्या डॉसबॉक्स-एक्स मध्ये ती आहे, म्हणून आम्ही ती वापरतो. १३२ रकान्यांच्या रुंद कागदाचे जुने रजिस्टर आधी फाइलमध्ये उतरवून मग छापतो. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. जुन्या काळी दोन टेबलांवरून एकाच वेळी एका वहीत लिहिताना डॉस आणि नेटवर्क मिळून ओळीला कुलूप घालत असत, म्हणजे एकाचे लिहून होईपर्यंत दुसरा थांबे. सोंगाच्या मशीनवर हे कुलूप नीट लागेलच अशी खात्री धरता येत नाही. म्हणून आम्ही एकच मशीन आणि एकच माणूस असा नेम ठेवला आहे, आणि तेही फक्त बघण्यासाठी. त्यात नवी नोंद करायची नाही. त्याला इंटरनेटही जोडलेले नाही.

मराठी अक्षरांची अडचण आपल्याला आली नाही, कारण त्या काळी आपल्या सभासदांची नावे इंग्रजी अक्षरांत टाइप झाली. ज्या संस्थांनी डॉसमध्ये मराठी वापरले त्यांचे हाल जास्त. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट कार्ड मशीनच्या पेटीत बसवले की पडद्यावर देवनागरी यायची. ते काम त्या काळाच्या मानाने फार मोठे होते. पण ते कार्ड बसवायच्या खाचा नव्या मशीनवर राहिल्या नाहीत. पुढे विंडोजवर जे निरनिराळे फॉन्ट आले त्यांत प्रत्येकाने 'क' वेगळ्याच इंग्रजी अक्षराच्या जागी बसवला होता. फॉन्ट गेला की नाव गेले. उरते ती निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग. आज युनिकोडमुळे प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. जुनी नावे त्यात उतरवून घेता येतात, पण एकेक फॉन्टचा तक्ता जुळवून.

ताऱ्याची गोष्ट

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला तो सांगतो. आमचे नवे प्रोग्रॅम बसले, जुन्या नोंदी त्यांत भरल्या गेल्या, आणि जुने मशीन भंगारात काढायचे ठरले. आमचाही त्याला होकार होता, हे कबूल करतो. त्याच सुमारास एक सभासद जुनी पावती घेऊन आले. वडिलांच्या वेळी उसाच्या बिलातून टनामागे ठेव कापलेली होती, तिची ती पावती. नव्या प्रोग्रॅममध्ये त्यांच्या खात्यावर त्या ठेवीचा मागमूस नव्हता. टेबलावरच्या मुलाने सांगितले, "काका, कॉम्प्युटरमध्ये नाही." काका म्हणाले, "कॉम्प्युटरमध्ये नसंल, पण माझ्या हातात हाय न्हवं?"

जुने मशीन अजून भंगारवाल्याने उचलले नव्हते. ते सुरू केले, ठेवीची यादी काढली, आणि वडिलांच्या नावाची ओळ जशीच्या तशी दिसली, रकमेसह. फक्त तिच्या आधी एक तारा होता.

हा तारा समजण्यासाठी जुनी वही आतून कशी असते ते पाहावे लागेल. फॉक्सप्रोच्या नोंदी डीबीएफ नावाच्या फाइलमध्ये असतात. तिची घडण फॉक्सप्रोच्या आधीच्या डीबेसपासून चालत आलेली आहे, आणि अगदी साधी आहे. सुरुवातीच्या ३२ बाइटांत वहीची माहिती असते: एकूण ओळी किती, एक ओळ किती लांब, शेवटचा बदल कधी. मग प्रत्येक रकान्यासाठी ३२ बाइट: रकान्याचे नाव, तेही दहा अक्षरांच्या आत, त्यात आकडा आहे की अक्षर की तारीख, आणि रुंदी किती. त्यानंतर एकामागे एक सारख्या लांबीच्या ओळी. प्रत्येक ओळीच्या आधी एक अक्षराची जागा राखलेली असते. ती रिकामी असेल तर ओळ चालू. तेथे तारा असेल तर ओळ 'खोडलेली'. पण खोडलेली म्हणजे पुसलेली नव्हे! 'पॅक' हा हुकूम देईपर्यंत ती ओळ वहीत तशीच राहते, कुळकर्ण्याने आडवी रेघ मारलेल्या नोंदीसारखी. आणि अशा ओळी दाखवायच्या की लपवायच्या हे 'सेट डिलिटेड' या एका हुकुमावर ठरते. तो हुकूम दिला नसेल तर फॉक्सप्रो त्या ओळीही दाखवते.

काय झाले ते आता ध्यानात येईल. वडील वारल्यावर भाग मुलाच्या नावे झाले, तेव्हा कोणीतरी वडिलांच्या ओळीवर तारा मारला. ठेव मात्र मुलाच्या ओळीवर नेली नाही, ती वडिलांच्याच ओळीत राहिली. जुन्या प्रोग्रॅमने तारा असलेल्या ओळी लपवल्या नव्हत्या, त्यामुळे इतकी वर्षे ठेव यादीत येत होती आणि कोणाला काही खटकले नाही. नव्या प्रोग्रॅममध्ये नोंदी भरणाऱ्या मंडळींनी, रीतसर वागून, तारा असलेल्या ओळी सोडून दिल्या. त्यांचे चुकले म्हणावे तर खोडलेली ओळ कोण उचलतो? आणि जुन्या कारकुनाचे चुकले म्हणावे तर त्याच्या वेळी सगळे दिसतच होते. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्या मध्ये शेतकऱ्याचे पैसे गायब.

नोंदी नव्या प्रोग्रॅममध्ये नेल्या म्हणजे जुन्याचे काम संपले, हा आमचा समज तेथे मोडला. नोंद म्हणजे नुसते आकडे नव्हेत; ते आकडे कसे वाचायचे ही रीत प्रोग्रॅममध्ये असते, आणि ती सगळी कागदावर कोणी लिहून ठेवलेली नसते. म्हणून जुना प्रोग्रॅम चालता ठेवला पाहिजे. नवीन कामासाठी नव्हे, साक्षीदार म्हणून.

साक्षीदार खरे बोलतो का, हेही तपासावे लागते. डॉसबॉक्समध्ये प्रोग्रॅम बसवल्यावर आम्ही एक बंद झालेला हंगाम घेतला, त्यातल्या एका पंधरवड्याचे बिल पुन्हा काढले आणि छापील रजिस्टरशी पैशापर्यंत ताडून पाहिले. पैशापर्यंत का, ते सांगतो. समजा एका सभासदाच्या तीन खेपा आल्या: ४.२३५, ५.११५ आणि ३.८८५ टन. कपात टनाला ५ रुपये. प्रत्येक खेपेची कपात वेगळी काढून पैशात पूर्ण केली तर २१.१८, २५.५८ आणि १९.४३, बेरीज ६६.१९ रुपये. आधी टनेजची बेरीज केली तर १३.२३५ टन, कपात ६६.१७५, म्हणजे ६६.१८ रुपये. एका पैशाचा फरक! कोणी म्हणेल, एका पैशाने काय बिघडते? एका सभासदाचे काही नाही. पण सगळ्या सभासदांच्या याद्या जुळवायला बसा, म्हणजे हिशेब खात्याच्या रात्री का जातात ते कळेल. जुन्या प्रोग्रॅमची रीत खेपवार आहे हे आम्हांला ताडून पाहिल्यावरच कळले.

जुन्याने आजचे बिल काढावे असे मात्र कोणी सुचवू नये. २००९–१० च्या हंगामापासून एसएमपी जाऊन एफआरपी आली. तिला आधार धरलेला उतारा आधी साडेनऊ टक्के होता, २०१८–१९ ला दहा झाला, २०२२–२३ ला सव्वादहा. असले आकडे जुन्या प्रोग्रॅमात ओळीओळींत रुतलेले असतात. ते बदलायचे तर मूळ लिखाण हवे. फॉक्सप्रोत मूळ लिखाणाची फाइल पीआरजी, आणि मशीनसाठी तयार केलेली एफएक्सपी किंवा ईएक्सई. पुष्कळ संस्थांकडे फक्त तयार फाइल आहे, लिहून देणारा कधीच गाव सोडून गेला. बेणे हाताशी असेल तर पुन्हा लागण होते. साखरेपासून ऊस लावता येत नाही. आपल्याकडे सुदैवाने शेअर्स आणि ठेवींच्या प्रोग्रॅमचे बेणे सापडले, जुन्या फ्लॉपींवर. त्यांतल्या काही फ्लॉपी वाचल्या गेल्या नाहीत. ऊसनोंदीच्या प्रोग्रॅमचे बेणे मिळालेले नाही. तो आहे तसाच चालवायचा.

सध्या डीबीएफ फाइलींच्या तीन नकला केल्या आहेत, त्यांतली एक कारखान्याबाहेर ठेवली आहे. तारा असलेल्या सगळ्या ओळींची वेगळी यादी काढली असून शेअर्स खाते ती सभासद रजिस्टरशी एकेक करून ताडत आहे. वर सांगितलेल्या काकांच्या ओळीसारख्या आणखीही ओळी त्यात निघाल्या आहेत. काम सावकाश चालले आहे, कारण एकसारख्या नावाचे सभासद पुष्कळ आणि जुन्या यादीत नावाच्या रकान्याची रुंदी अपुरी, त्यामुळे आजोबांचे नाव मध्येच तुटलेले.

यात सभासदांची मदत लागेल. ज्यांचे भाग वारसाहक्काने नावावर झाले आहेत त्यांनी घरातली जुनी ऊस बिले, ठेवींच्या पावत्या व भाग दाखला शोधावा, फाटका असला तरी चालेल, आणि आपल्या गट ऑफिसात दाखवावा. मूळ कागद देऊन टाकू नये, झेरॉक्स द्यावी. पावतीवरचा जुना सभासद क्रमांक सर्वांत महत्त्वाचा आहे. नाव तुटलेले असले तरी त्या क्रमांकावरून ओळ सापडते. आणि टेबलावर कोणी "कॉम्प्युटरमध्ये नाही" असे सांगितले, तर "कोणत्या कॉम्प्युटरमध्ये?" असे विचारून शेअर्स खात्याच्या कोपऱ्यात यावे.